दुसरी प्रत कुणाच्या घरी

माझ्या भागीदाराची आणि माझी फारकत झाली ती एका हार्ड डिस्कवरून. लोक विचारतात तेव्हा मी स्वभाव जुळले नाहीत एवढंच सांगते. ते खोटं नाही, पण स्वभाव काही अचानक जुळेनासे होत नाहीत. वर्ग एकच, बाक शेजारचे, पॉलिटेक्निकच्या तीन वर्षांत एकमेकांची ड्रॉइंगं पूर्ण करून दिलेली. मग असं काय झालं की हा माणूस मला चोर म्हणाला आणि मला त्याचं काही वाटलं नाही, उलट आतून बरं वाटलं, ते एकदा नीट सांगायला हवं.

तो देवळ्याचा. घरचा कांद्याचा व्यापार, माणसं बोलती करण्यात पटाईत. मी नाशिकचीच. वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते, आम्ही बौद्ध कॉलनीत वाढलो. डिप्लोमा झाल्यावर दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी नोकऱ्या केल्या आणि पस्तिशीच्या आत-बाहेर असताना गंगापूर रोडच्या एका गल्लीत जमीनमोजणीचं आणि नकाशे काढण्याचं ऑफिस टाकलं. काम आणायचं त्यानं. मोजणी, नकाशे आणि कॉम्प्युटर सांभाळायचे मी. कोणी वरचढ नाही, असं ठरलं होतं. ऑफिसात आम्हा दोघांना धरून सात माणसं. मोजणीचं जीपीएस यंत्र एक, पुढे ड्रोनही घेतला. बाथरूमशेजारच्या अडगळीच्या खोलीत दोन सर्व्हर होते. दोन काळे डबे आणि एक सतत घोंघावणारा एसी. आमची सगळी वर्षं त्या डब्यांत होती.

बॅकअप होता. तो एका बाहेरच्या डिस्कवर घेतलेला असायचा आणि ती डिस्क सर्व्हरच्या डोक्यावरच ठेवलेली असायची. तो माझाच कारभार. त्याबद्दल मी दुसऱ्या कुणाला बोल लावत नाही.

एका जोडून आलेल्या सुट्टीत वरच्या मजल्यावरचा नळाचा पाइप फुटला. दोन दिवस पाणी छतातून झिरपत राहिलं आणि नेमकं त्या खोलीत उतरलं. सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा जमिनीवर घोट्याएवढं पाणी होतं आणि एसी तेवढा चालू होता. एक सर्व्हर गेला, दुसरा अर्धा वाचला, आणि वरची डिस्क उचलली तेव्हा तिच्यातून पाणी गळालं. डेटा काढून देणाऱ्या दुकानात सगळं नेऊन दिलं. त्यांनी बरंचसं परत मिळवलं. जे मिळालं नाही त्यात हरसूलच्या बाजूच्या एका गावाची संपूर्ण मोजणी होती.

ते काम एका सामाजिक संस्थेचं होतं. डोंगरातली कुटुंबं पिढ्यानपिढ्या वनजमिनीवर भात-नागली करत आली आहेत, त्यांच्या प्लॉटचे नकाशे वनहक्काच्या दाव्यासोबत जोडायचे असतात. ती मोजणी मी स्वतः केली होती. प्रत्येक कुटुंबाला घेऊन त्याच्या हद्दीवरून चालायचं, कोपऱ्यावर यंत्र रोवायचं, शेजाऱ्याला हाक मारून विचारायचं, हीच ना तुमची हद्द? तो हो म्हणाला की पुढे.

ती पुन्हा करायला मीच गेले. भागीदार म्हणाला, "एखाद्या मुलाला पाठव." मी ऐकलं नाही. चुकले मी, तोंड दाखवायचं तर मीच दाखवायला हवं.

पण तोवर भातकापणी उरकली होती. निम्मं गाव दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांत मजुरीला गेलेलं. पहिल्या वेळी जे शेजारी हद्दीवर उभे होते त्यातले बरेच नव्हते, आणि जे होते त्यांना मधल्या काळात विचार करायला सवड मिळाली होती. एका विधवा म्हातारीचा प्लॉट होता. पहिल्या वेळी तिची हद्द एका जांभळीपर्यंत धरली होती, शेजाऱ्यानं मान डोलावली होती, मला स्पष्ट आठवत होतं. आता तो शेजारी म्हणाला, हद्द जांभळीच्या अलीकडे, त्या दगडापाशी.

मी म्हटलं, "मागच्या वेळी तर तुम्ही जांभळ दाखवली होती."

"मंग काढा ना मागचा कागद," तो म्हणाला. "हाय का?"

कागद नव्हता. म्हातारी माझ्याकडे बघत होती. तिनं आरडाओरडा केला नाही. "बाई, तू मोजून गेल्ती ना? मंग ते खोटं होतं का?" एवढंच तिनं विचारलं. मी सांगितलं की यंत्रात पाणी गेलं. ती म्हणाली, "पाणी तुज्या यंत्रात गेलं. जमीन माझी कमी व्हायची." शेवटी ग्रामसभेच्या दोन माणसांना बोलावून अधेमध्ये कुठेतरी काठी रोवली. अर्ध्या गुंठ्याचाही फरक नसेल, पण मी तिची तेवढी जमीन घालवली हे मला माहीत आहे आणि तिलाही.

परत येताना मी ठरवलं, यापुढे दुसरी प्रत या इमारतीत ठेवायची नाही.

भागीदाराला हे पटलं, तत्त्व म्हणून. भांडण सुरू झालं ते ठिकाणावरून. दुसऱ्याच दिवशी तो उत्साहानं म्हणाला, "देवळ्याला मेहुण्याच्या आडतीत एक केबिन रिकामी आहे. इंटरनेट आहे, इन्व्हर्टर आहे. तिथे एक स्टोरेजचा डबा ठेवून देऊ. फुकटात काम."

मी म्हटलं, "तुझ्या मेहुण्याच्या आडतीत आपला डेटा?"

"मग काय झालं?"

"उद्या तुझं-माझं वाजलं तर मी तिथे जाऊन काय म्हणू? दार उघडा, माझे नकाशे द्या?"

तो हसला. "आपलं कशाला वाजेल?" मी हसले नाही. तेव्हा त्याचंही हसू विरलं. त्या क्षणापर्यंत आमच्यापैकी कोणी असं बोललं नव्हतं. मीच आधी बोलले, हे मान्य करते.

तो म्हणाला, "बरं, तुला कुठे ठेवायचंय?"

मी सुचेल ते म्हटलं, "माझ्या घरीही राहील. वडील दिवसभर घरीच असतात."

"तुमच्याकडे नको."

"का?"

"म्हणजे... कॉलनीत कसं, माणसांची ये-जा फार असते. सारख्या मीटिंगा, कार्यक्रम. कोण कधी काय उचलेल."

"तुमच्याकडे म्हणजे?"

"आता तू हे तिकडे नेऊ नकोस."

"मी कुठे नेलं? तू म्हणालास."

त्यानं हात वर केले, मला तसं म्हणायचं नव्हतं, तू फार लावून घेतेस, वगैरे. वीस वर्षं तो आमच्या घरी येत होता. माझ्या आईच्या हातचं जेवला होता, ती गेली तेव्हा खांदा द्यायला होता. हे सगळं मी आठवलं आणि तरी, किंवा त्यामुळेच, ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. एखाद्या परक्यानं म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. आम्ही असली वाक्यं सोडून देतच मोठे होतो.

त्यानंतर दोघांचीही घरं बाद झाली आणि पैसे देऊन बाहेर जागा घ्यायची असं ठरलं, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये. शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन महिने त्यातच घातले. ड्रोनच्या फोटोंमुळे आमचा डेटा फुगलेला होता, आणि छोट्या धंद्याला परवडेल असं म्हणणारा जो तो वेगळ्या तऱ्हेनं फसवत होता. एकाकडे ठेवणं जवळजवळ फुकट, पण परत काढायला पैसे. एकानं "अमर्याद" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं आणि मर्यादा बारीक अक्षरात. एकाचा दर पहिल्या वर्षापुरता.

एक विक्रेता ऑफिसला आला. चकचकीत बूट, लॅपटॉपवर ढगांची चित्रं. त्यानं अर्धा तास सुरक्षिततेवर भाषण दिलं. मी विचारलं, "आमचं सगळं एकदम परत हवं असेल तर किती दिवस लागतील, आणि किती पडतील?"

"परत कशाला मॅडम? तुम्ही तर ठेवायला घेताय."

"समजा इथे आग लागली."

"असं वाईट का बोलता," तो म्हणाला आणि भागीदाराकडे बघून हसला. भागीदारही हसला. मला त्या दोघांनाही बाहेर काढावंसं वाटलं.

माझे प्रश्न साधे होते. इथे चुकून पुसलेली फाइल तुमच्याकडे किती दिवस राहते? जुनी आवृत्ती मिळते का? परत घ्यायला काय लागतं? आणि कुलपाची किल्ली कुणाकडे, तुमच्याकडे की आमच्याकडे? या चारही प्रश्नांची सरळ उत्तरं देणारी कंपनी मला एकच मिळाली. ती सगळ्यात स्वस्त नव्हती, मधली होती. पुसलेलं वर्षभर ठेवत होती, आणि फायली आपल्याच कॉम्प्युटरवर कुलूपबंद होऊन मग तिकडे जात होत्या. मी एका पानावर सगळं लिहून भागीदाराच्या टेबलावर ठेवलं.

त्यानं फक्त शेवटची ओळ वाचली. "दर महिन्याला? म्हणजे जन्मभर भाडं?"

"ऑफिसचंही देतोच."

"ऑफिसात बसतो तरी. हे तर दिसतसुद्धा नाही."

"ज्या दिवशी दिसायची गरज पडेल त्या दिवशी विचार."

"तुला ना, प्रत्येक गोष्टीत सगळ्यात भारी तेच लागतं," तो म्हणाला. पान परत माझ्याकडे सरकवलं.

पुढच्या आठवड्यात मी तीन दिवस पेठ तालुक्यात मोजणीवर होते. परत आले तर काम झालेलं. त्याच्या मेहुण्याच्या ओळखीतल्या एकानं वर्षाच्या सवलतीत दुसरंच काहीतरी घालून दिलं होतं. सर्व्हरवर एक निळं चिन्ह दिसत होतं, त्यावर हिरवी बरोबरची खूण. "झालं तुझं बॅकअप," भागीदार म्हणाला. "तुझ्याच्या निम्म्या पैशात."

मी माहिती वाचली. तो बॅकअप नव्हता. इकडच्या फोल्डरात जे असेल तेच तिकडे दिसणार, इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जाणार. आरशात ठेवलेली प्रत. मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "लाखो लोक वापरतात, ते सगळे वेडे आहेत का?" मी म्हटलं, एकदा परीक्षा घेऊ, एखादं जुनं गाव पुसून परत मिळतं का बघू. तो म्हणाला, "आता तू माझी परीक्षा घेणार?" मी पासवर्ड मागितला. तो म्हणाला, "माझ्याकडे आहे ना, पुरे."

मग मी ते केलं, ज्याला त्यानं पुढे चोरी म्हटलं.

मी स्वतःच्या पैशानं एक मोठी डिस्क घेतली. दर शनिवारी दुपारी सगळे जेवायला बसले की ती सर्व्हरला लावायची, आठवड्यातलं नवं-जुनं तिच्यात जाऊ द्यायचं, आणि संध्याकाळी पर्समध्ये रुमालात गुंडाळून घरी न्यायची. घरी लोखंडी कपाटात वडिलांच्या सर्व्हिस बुकाशेजारी ठेवायची. पहिल्यांदा नेली तेव्हा वडिलांनी विचारलं, हे काय. मी सांगितलं.

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग सांग."

"तो नाही म्हणेल."

वडील कारखान्यात तीस वर्षं एकेका नटाची नोंद ठेवत आलेले. ते म्हणाले, "कारखान्यात आम्ही एक वॉशर खिशात घालून बाहेर आलो असतो तर नोकरी गेली असती. कारण काहीही असो." मी म्हटलं, ही वॉशर नाही, आणि कारखाना निम्मा माझा आहे. त्यांनी कपाटाची किल्ली मला देऊन टाकली. तोवर ती त्यांच्याकडे असायची.

चार महिने असेच गेले. मी शनिवारची वाट बघू लागले होते. त्यात डेटाच्या काळजीचा भाग होता, आणि दुसराही एक होता जो मी तेव्हा स्वतःशी कबूल केला नाही. त्याला माहीत नसलेलं काहीतरी माझ्याकडे होतं, त्यात मला मजा वाटत होती.

मग एका सकाळी संस्थेतून फोन आला. पेठच्या बाजूच्या नऊ गावांचे नकाशे त्यांना लागलीच हवे होते, सुनावणी लागली होती. आमच्याकडे नकाशे काढणारी एक मुलगी होती, लग्न होऊन नाशिकला आलेली, कामाला चोख, कमी बोलणारी. ती फोल्डर उघडायला गेली तर फोल्डर नाही. शोधता शोधता तिच्या लक्षात आलं. दीड महिन्यापूर्वी ड्रोनच्या फोटोंना जागा करायला तिनं जुन्या, डबल झालेल्या गोष्टी पुसल्या होत्या. त्यात हेही गेलं. तिला वाटलं ती दुसरी प्रत होती.

ती स्वतः येऊन आम्हा दोघांसमोर उभी राहिली आणि सांगितलं. लपवलं नाही.

भागीदारानं त्याचं निळं चिन्ह उघडलं. तिथेही फोल्डर नव्हता. त्यानं मदतीच्या नंबरवर फोन लावला, स्पीकरवर. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "सर, तुमच्याकडून डिलीट झालं की आमच्याकडूनही होतं. तीस दिवस कचरापेटीत असतं. तुम्ही तीस दिवसांत सांगायला हवं होतं."

भागीदारानं फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. तो त्या मुलीकडे वळला.

जे बोलला ते सगळं लिहीत नाही. अक्कल, शिक्षण, घरचे, सगळं काढलं. ती म्हणाली, "सर, मी विचारलं होतं, हे पुसू का म्हणून. तुम्ही हो म्हणालात." ते खरं असावं, तो न ऐकता हो म्हणायचा. त्यानं अजून आवाज चढवला. ती रडू लागली तेव्हा म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

आणि मी तिथे बसले होते. शनिवारची डिस्क घरी कपाटात होती, तिच्यात नऊच्या नऊ गावं होती, कारण मी तिच्यातलं काहीच पुसत नव्हते. एक वाक्य बोलले असते तर सगळं तिथेच थांबलं असतं. मी बोलले नाही. मला त्याला घाबरलेला बघायचं होतं. त्याच्या कपाळावरचा घाम, फोनवर संस्थेला दिलेली खोटी कारणं, त्या निळ्या चिन्हावर पुन्हा पुन्हा मारलेलं क्लिक, हे सगळं मी बघत होते आणि मनात म्हणत होते, घे आता निम्म्या पैशात. ती मुलगी डबा, पाण्याची बाटली, ओढणी गोळा करून जिना उतरली तेव्हाही मी खुर्चीतून उठले नाही.

ती संध्याकाळ मी घरी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्क घेऊन गेले, त्याच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "पेठची गावं यात आहेत."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. आधी त्याचा चेहरा सैल पडला, मला वाटलं आता हा रडतो की काय. मग त्यानं डिस्क हातात घेतली, उलटीपालटी केली.

"ही कुठली?"

"माझी."

"कधीपासून?"

"चार महिने. दर शनिवारी."

"आणि असते कुठे?"

"घरी."

"म्हणजे काल तू इथे बसून बघत होतीस."

मला वाटलं होतं तो आधी चोरीवर येईल. तो आधी यावर आला.

"ऑफिसचा सगळा डेटा तू मला न सांगता घरी नेत होतीस," तो म्हणाला. "याला चोरी म्हणतात."

"चोरी केली नसती तर आज तू संस्थेला काय दिलं असतंस?"

"ते वेगळं. यात लोकांचे आधार नंबर आहेत, सातबारे आहेत, फोटो आहेत. सिटी बसनं नेत होतीस ना? पर्समध्ये? कुलूप तरी लावलं होतंस का याला?"

लावलं नव्हतं. विक्रेत्यांना कुलपाबद्दल खोदून खोदून विचारणारी मी, स्वतःची डिस्क रुमालात गुंडाळून नेत होते. ती बसमध्ये राहिली असती तर डोंगरातल्या शेकडो कुटुंबांचे कागद कुणाच्याही हाती गेले असते. तेवढं त्याचं खरं होतं आणि मी ते त्याच्या तोंडावर मान्य केलं नाही. उलट म्हटलं, "तुमच्याकडे कोण कधी काय उचलेल, असंच म्हणाला होतास ना? बघ, उचललं." हे मी रात्रीच ठरवून आले होते. बोलून झाल्यावर मला खरंच बरं वाटलं. तो पांढरा पडला.

नंतर आम्ही वकिलांमार्फतच बोललो.

डिस्क टेबलावर ठेवली त्याच दुपारी त्या मुलीला मी फोन केला. सांगितलं की नकाशे सापडले, तू ये. तिनं विचारलं, "मॅडम, कुठे सापडले?" मी खरं सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं, "तुम्हाला काल माहीत होतं?" मी हो म्हटलं. ती म्हणाली की राहिलेला पगार खात्यात टाकायला सांगा, आणि फोन ठेवला. पुढे ती अंबडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात लागली असं कळलं. ती तिथे बरी असावी. मी भेटायला गेलेले नाही. जायचं तर काय तोंडानं?

वाटणीत खुर्च्या, नकाशे छापायचा प्लॉटर, यंत्र, ड्रोन हे सगळं एका दुपारीत झालं. डेटावर तीन महिने गेले. त्याची अट होती की माझी डिस्क त्याच्यासमोर पुसायची. माझी अट होती की आधी दोन पूर्ण प्रती करायच्या, एक त्याला एक मला, आणि दोन्ही उघडून बघायच्या, गाव निवडून, दोन्ही वकिलांच्या देखत. त्याला यात अपमान वाटला. त्याच्या वकिलाला मात्र पटलं. वकील वयस्क होते, म्हणाले, "बाई बरोबर सांगतायत, न उघडता कसलं मिळालं म्हणायचं?" आम्ही दिवसभर चौघं एका खोलीत बसून गावं उघडून बघत होतो. सुरगाण्याच्या एका गावाच्या फोटोत आम्ही दोघं होतो, नदीत पाय सोडून बसलेले, यंत्र मध्ये. फोटो पडद्यावर आला तसा त्यानं "पुढे" म्हटलं. मी पुढे घेतलं. मग त्याच्यासमोर माझी डिस्क पुसली.

आता सातपूरला माझं छोटं ऑफिस आहे, आम्ही तिघी आहोत. पहिल्याच महिन्यात मी ती मधल्या दराची जागा भाड्यानं घेतली. सगळं वर चढायला अठरा दिवस लागले. किल्लीचा लांबलचक शब्द दोन कागदांवर लिहून एक घरी आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला आहे. महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी तिघींपैकी कोणीतरी डोळे मिटून यादीतल्या एका गावावर बोट ठेवते आणि आम्ही ते गाव परत मागवतो. आजवर दर वेळी आलंय. एकदा सहा तास लागले, त्या सहा तासांत मी कुणाशी धड बोलले नाही. पोरी आता त्या दिवशी माझ्या वाटेला जात नाहीत.

मागच्या महिन्यात तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात तो भेटला. आम्ही दोघंही एकाच खिडकीशी रांगेत, मध्ये दोन माणसं. केस पिकलेत त्याचे. रांग हलत नव्हती. शेवटी तोच मागे वळून म्हणाला, "तू कुठल्या कंपनीचं घेतलंस? ते स्टोरेज."

"का?"

"माझं वर्ष संपतंय. आता दर तिप्पट सांगतायत."

मधली दोन माणसं आमच्याकडे बघत होती. मी म्हटलं, "चौकशी कर. मी दोन महिने केली होती. पान तुझ्या टेबलावर ठेवलं होतं."

त्यानं मान हलवली आणि परत खिडकीकडे तोंड केलं. त्याचा नंबर आधी लागला. जाताना तो थांबेल असं मला वाटलं, थांबला नाही.

ऑफिसला आल्यावर मी विचार केला. त्याच्याकडेही तीच गावं आहेत, माझ्याच पायांनी मोजलेली, आणि ती त्याच निळ्या चिन्हाखाली पडून आहेत. ती बुडाली तर त्याचं नुकसान होईल ते होईल, पण त्याच्याकडे नकाशे मागायला जाणारी माणसं डोंगरातलीच असतील. हे मला कळतं. मी फोन काढला, कंपनीचं नाव लिहिलं, त्याखाली ते चार प्रश्नही लिहिले. मग वाटलं, त्यानं साधं "चुकलं माझं" एवढंही म्हटलं नाही. त्या दिवशीच्या "तुमच्याकडे" बद्दल तर नाहीच. आणि मीही त्या मुलीच्या बाबतीत कुणाला तसं म्हटलेलं नाही, हेही लगेच मनात आलं, ते मला आवडलं नाही.

मेसेज अजून पाठवलेला नाही. खोडलेलाही नाही.